उणे अठराबाईंचा कॉम्प्युटर

शीतगृहाच्या यंत्रखोलीत एकोणतीस वर्षं काढलेल्या त्या बाईला तिथले हमाल, ट्रक ड्रायव्हर आणि खुद्द मॅनेजरसुद्धा पाठीमागे 'उणे अठरा' म्हणायचे. गोठवणीच्या मोठ्या खोलीचं तापमान शून्याखाली अठरावर ठेवणं हे तिचं काम होतं, हे एक कारण. दुसरं कारण तिच्याशी दोन मिनिटं बोललेल्या माणसाला सांगावं लागत नसे.

जगातल्या माणसांचे तिनं दोन भाग केले होते. दार लावणारे आणि दार उघडं टाकणारे. पहिल्या भागात ती स्वतः होती आणि एक जुना फोरमन होता, तो वारला. उरलेलं सगळं जग दुसऱ्या भागात. माल घ्यायला आलेला ट्रक धक्क्याला लावताना ड्रायव्हरनं एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे केलं की ती खिडकीतून ओरडायची, "अरे, म्हैस वळते यापेक्षा लवकर! दार उघडं आहे माझं!" कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून तिला कळायचं, आत कुठल्या नळीवर बर्फ साचलाय ते. इंजिनियर यायचे, कागद पसरायचे. ती म्हणायची, "कागद नंतर बघा, आधी कान लावा." कान लावल्यावर इंजिनियर कागद गुंडाळायचे. असं वर्षानुवर्षं झाल्यामुळे तिची खात्रीच पटली होती, की जगात अक्कल मुळात थोडी आणि त्यातली बरीचशी आपल्याच वाट्याला आलेली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ती निवृत्त झाली. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरी येऊन तिनं त्याचं मागचं झाकण उघडलं, "खेळण्यातलं यंत्र घातलंय," म्हणाली आणि घड्याळ कपाटावर पालथं ठेवून दिलं.

घर तीन खोल्यांचं. धाकटा भाऊ, त्याची बायको आणि ही. लग्न तिनं केलं नव्हतं. का, असं विचारायची कोणाची छाती झाली नव्हती. भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची ती आत्याच झाली. भाऊ विम्याच्या कचेरीत कारकून होता आणि पृथ्वीच्या पाठीवरच्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं. आत्या त्याला 'उंटावरचा शहाणा' म्हणायची, तेही तोंडावर. भावजय बाजाराच्या कोपऱ्यावर मोबाइलच्या कव्हरांचा एक गाळा चालवायची आणि दिवसभर लोकांच्या फोनवर पारदर्शक गार्ड चिकटवायची. आत्याच्या लेखी हे कामच नव्हतं. "काचेवर प्लॅस्टिक चिकटवायचं आणि संध्याकाळी कंबर धरून बसायचं," असं ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायची. भावजय ऐकून घ्यायची. फारच लागलं तर 'ताई' सोडून 'वन्सं' म्हणायची, तेवढाच तिचा राग.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांत आत्याचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरनं जिने कमी करायला सांगितले. त्याच सुमाराला पुतणी नोकरीच्या गावाहून चार दिवस आली होती. तिनं आपला जुना लॅपटॉप आत्यापुढे ठेवला. त्यात एक खेळ होता: मोठा ट्रक घ्यायचा, माल भरायचा, घाट ओलांडत लांबच्या गावी न्यायचा आणि शेवटी धक्क्याला लावायचा.

"बसल्या जागी ट्रक चालवायचा?" आत्या म्हणाली. "लोकांना उद्योग नाहीत."

"एकदा मागे घेऊन तर बघ. तुला सोपं जाईल."

आत्यानं ट्रक मागे घेतला. मागचा ट्रेलर डावीकडे जायला हवा होता, तो उजवीकडे गेला आणि भिंतीला भिडला. पुन्हा घेतला, आता खांबाला. पुतणी हसू दाबत चहा टाकायला गेली. ती परत आली तेव्हा ट्रक धक्क्यापुढे आडवा झाला होता आणि आत्या दातओठ खात पडद्याकडे बघत होती. ज्या कामासाठी एकोणतीस वर्षं ड्रायव्हरांचा उद्धार केला ते इतकं अवघड असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. तसं ती कोणाला म्हणाली नाही. "खेळच भिकार बनवलाय," एवढंच म्हणाली. पण पुतणी निघाली तेव्हा, लॅपटॉप राहू दे इथंच, असं तिनं दुसरीकडे बघत सांगितलं.

दीड महिन्यात ती पट्टीची ड्रायव्हर झाली. एका दमात ट्रक धक्क्याला लावायची. लॅपटॉपला मात्र तेवढा दम नव्हता. घाट लागला की तो तापायचा, चित्र अडखळायचं आणि आतला पंखा डासासारखा गुणगुणायला लागायचा. आत्यानं खालचं झाकण काढून पंखा पाहिला आणि तिला हसूच आलं. "बाटलीच्या बुचाएवढा पंखा! वारा येणार कुठून आणि जाणार कुठून? हे बनवणाऱ्याला दोन दिवस भट्टीपुढे बसवा." झाडूनपुसून तिनं तो आणखी महिनाभर ओढला. मग एका दुपारी घाटाच्या मधोमध तो बंद पडला तो पडलाच.

तेव्हा तिनं ठरवलं, तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही. सुटे भाग आणायचे आणि आपल्या हातानं जुळवायचा.

"तू? कॉम्प्युटर जुळवणार?" भावानं विचारलं.

"तुझं लग्न मीच जुळवलं ना? ते टिकलं. हाही टिकेल."

भाऊ गप्प बसणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो कचेरीतून एक यादी छापून घेऊन आला. कुठल्याशा जाणकारानं ती इंटरनेटवर टाकली होती. त्यात सगळ्यात महागडा प्रोसेसर, चारी बाजूंनी काचेचं कॅबिनेट, पाण्यावर चालणारा कूलर आणि सात रंगांचे दिवे होते. ग्राफिक्स कार्ड मात्र अगदीच किरकोळ होतं.

आत्यानं यादी वाचली. "ह्या माणसानं चाबूक घोड्याचा घेतलाय आणि गाडी ओढायला बांधली शेळी. खेळाचं चित्र कोण काढतं?"

"प्रोसेसर," भाऊ ठामपणे म्हणाला.

"कार्ड काढतं. प्रोसेसर हुकूम सोडतो. तुझ्या साहेबासारखा. साहेब कितीही भारी आणलास तरी खाली काम करणारा तूच असशील तर कचेरी चालणार कशी?"

भावानं यादीची घडी करून खिशात घातली आणि दोन दिवस अबोला धरला. आत्याला ते सोयीचंच झालं. तिनं तीन आठवडे रोज सकाळी फोनवर लोकांचे व्हिडिओ पाहिले. ज्यांना पाहून शिकायचं त्या सगळ्यांचाच तिला तिटकारा आला. एकजण वीस मिनिटं खोका उघडत होता. दुसरा नुसते दिवे दाखवत होता. तिसऱ्यानं थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्या मध्ये लावायचं ते करडं मलम, भाकरीवर लोणी थापावं तसं थापलं होतं. "ह्यांच्या हातात शीतगृह दिलं असतं तर वितळलेले मटार गावभर वाटावे लागले असते," ती म्हणायची. तरी वहीत लिहून घ्यायची. कुठला भाग किती वीज खातो, किती तापतो, ती उष्णता बाहेर टाकायला हवा कुठून यायला हवी. शेवटचा प्रश्न इतका सोपा होता आणि इतक्या थोड्या लोकांनी विचारला होता, की तिला ह्या सगळ्या मंडळींची कीव यायला लागली.

मग एका मंगळवारी ती दुकानात गेली. सोबत वही, शिवणकामाची फीत आणि दुखरा गुडघा.

दुकान लांबट, भिंतभर काचेची कॅबिनेटं, प्रत्येकात जांभळे-हिरवे दिवे. काउंटरवरचा विक्रेता पस्तिशीचा, केस चोपून बसवलेले.

"या मॅडम. नातवासाठी बघताय?"

"माझ्यासाठी."

"घरच्या कामाला ना? मग हा छोटा..."

"ट्रक चालवायला. घाटात."

विक्रेत्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग दिव्यांच्या रांगेकडे हात केला. "मग हे बघा. पुढून काच, बाजूला काच. आणि कूलर हा लिक्विडचाच घ्या. पाण्यानं एकदम थंड राहतं."

"पाण्यानं थंड राहतं?" आत्यानं फीत काउंटरवर ठेवली. "पाणी काय करतं सांगा बरं."

"थंड करतं ना."

"पाणी हमाल आहे. इथली उष्णता उचलतं आणि पलीकडे नेऊन टाकतं. पलीकडे कुठे टाकतं?"

"रेडिएटरमध्ये."

"आणि रेडिएटर?"

"हवेत," विक्रेता जरा हळू म्हणाला.

"म्हणजे शेवटी हवेतच. मग माझ्या ट्रकच्या खेळाला मधे हा हमाल, त्याचा पंप, त्याच्या नळ्या कशाला? आणि ह्या पेटीला पुढून काच लावलीय. पंखे काचेला नाक लावून बसलेत. श्वास कुठून घेणार? माझ्या गोदामात कोणी असं केलं असतं तर मी त्याला पेटीत बसवून दाखवलं असतं."

दुकानातले दोघं-तिघं गिऱ्हाईक वळून बघायला लागले. विक्रेत्यानं मुकाट्यानं मागच्या खोलीतून पुढे जाळी असलेलं एक साधं काळं कॅबिनेट आणलं. त्यावर धूळ होती, कारण ते कोणी मागत नव्हतं. आत्यानं दुहेरी पत्र्यांचा, मोठ्या पंख्याचा हवेवरचा कूलर निवडला आणि विचारलं, "ह्याची उंची ह्यात बसेल?"

"बसेल की."

आत्यानं फीत लावली. सहा मिलिमीटर कमी पडत होते. तिनं फितीवरचा आकडा विक्रेत्याच्या नाकासमोर धरला. तो गेला आणि त्याच कॅबिनेटची मोठी बहीण घेऊन आला. पुढे प्रत्येक वस्तूच्या वेळी तो 'बसेल' म्हणायच्या आधी खोका वाचायला लागला. दोन तासांनी सगळं बांधून झालं तेव्हा त्याला घाम फुटला होता आणि आत्याचा गुडघा दुखायचा थांबला होता.

जुळवणी तिनं जेवणाच्या टेबलावर केली, दोन सकाळी. भाऊ कचेरीत गेल्यावरच खोके उघडायचे असा तिनं नियम केला होता. पहिल्या दिवशी भावजयीचा गाळा उशिरा उघडायचा होता. ती दारात उभी राहून म्हणाली, "ताई, काही धरायचं, चिकटवायचं असेल तर सांगा."

"इथं चिकटवाचिकटवी नाही. यंत्र आहे हे."

भावजय पिशवी उचलून गेली.

आत्याचं काम नेटकं होतं, ते मान्य करायला हवं. मदरबोर्डच्या नऊच्या नऊ स्क्रूंना तिनं सारखा पीळ दिला. वायरी मागच्या बाजूनं नेऊन बांधल्या. पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका प्रोसेसरच्या मधोमध टाकला, वर कूलर ठेवला आणि चार कोपरे आळीपाळीनं आवळले, जसे शीतगृहात झाकणाचे बोल्ट आवळायचे. पुढून दोन पंखे आत फुंकणारे, मागून एक बाहेर फेकणारा. शेवटी बटण दाबलं आणि पहिल्याच फटक्यात पडदा उजळला. धुपाटण्यातल्या धुरासारखा निघणारा चहाचा वाफारा जाळीपुढे धरून वारा बरोबर आत जातोय का तेही तिनं पाहिलं. आत्या खुर्चीत मागे टेकली. तिला वाटलं, आता ह्या गावात कोणाला कूलिंग शिकायचं असेल तर त्यानं आपल्या दाराशी रांग लावावी.

संध्याकाळी पुतणीला फोनवर व्हिडिओतून बसवलं. भाऊ हाताची घडी घालून मागे उभा. आत्यानं ट्रक काढला. काय चित्र होतं! डोंगर, नदी, रस्त्याकडेच्या गवताची पाती. "आत्या, भारीच!" पुतणी ओरडली. घाट सुरू झाला. पाचव्या मिनिटाला पंखा घोंगावायला लागला. सातव्या मिनिटाला चित्र अडखळलं, पुढे सरकलं, अडखळलं. आत्यानं तापमान पाहिलं. प्रोसेसर अठ्ठ्याण्णव अंश.

"मी म्हटलं होतं, पाणीवाला घे," भाऊ म्हणाला. त्याला झालेला आनंद त्याच्या कानांपर्यंत पोचला होता.

आत्या उठली. बाजूचं झाकण काढलं आणि कूलरच्या पत्र्यांना हात लावला. पत्रे गार होते. आत अठ्ठ्याण्णव आणि वर गार. एकोणतीस वर्षं उष्णतेच्या मागावर राहिलेली बाई ती. उष्णता वर चढतच नाहीये, हे तिला ताबडतोब कळलं. का चढत नाहीये, याचंही उत्तर तिच्याकडे तयार होतं. माल खराब. त्या केस चोपलेल्या माणसानं गिऱ्हाईक बाई बघून सदोष प्रोसेसर गळ्यात मारला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ती दारात हजर होती.

"मला टाकाऊ माल दिलात तुम्ही."

"मॅडम, सीलबंद खोका होता. तुमच्यासमोर..."

"सीलबंद खोक्यात दगडही भरता येतात. अठ्ठ्याण्णव अंश! आणि कूलर गार!"

विक्रेत्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. "कूलर गार? मॅडम, एक विचारू का? कूलरच्या खालच्या बाजूची..."

"खालची बाजू, वरची बाजू मला शिकवू नका. तुमच्या जन्माआधीपासून मी अमोनियाच्या नळ्या सांभाळतेय. गाढवाला गुळाची चव काय! तुम्ही दिवे विका. प्रोसेसर बदलून द्या, बास."

"काढून घेऊन या," विक्रेता थंडपणे म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचा जन्म खरं तर तिच्या नोकरीच्या आधीचा होता, पण तेवढा हिशोब करण्याच्या मनःस्थितीत दोघंही नव्हते.

प्रोसेसर काढायचा म्हणजे आधी कूलर काढायला हवा. टेबलाजवळ उजेड कमी होता. गाळ्याला सुट्टी असल्यानं भावजय घरी होती. आत्यानं तिला हाक मारली. "बॅटरी धर. नुसती धरायची. हलवायची नाही."

भावजयीनं बॅटरी धरली. आत्यानं चार स्क्रू सैल केले, कूलर जरा पिळून सोडवला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. तळाला करड्या पेस्टचा डाग होता. आत्या प्रोसेसरकडे वळली. बॅटरीचा झोत मात्र कूलरवरच राहिला.

"इकडे, इकडे धर! लक्ष कुठे आहे?"

"ताई," भावजय म्हणाली, "ह्याचा गार्ड काढायचा राहिलाय."

"कसला गार्ड?"

 पेस्टच्या डागाच्या कडेला भावजयीनं करंगळीचं नख लावलं, एक कोपरा उचलला आणि एका ओढीत तळावरची आख्खी पारदर्शक फिल्म सोलून काढली. खालचं तांबं आरशासारखं चमकलं. दिवसाला तीस-चाळीस वेळा जे काम करायची, तेच तिनं केलं होतं. फिल्मवर लाल अक्षरांत, पेस्टखाली अर्धवट झाकलेली, चार भाषांत एकच सूचना होती: बसवण्याआधी काढा.

आत्या ती अक्षरं वाचत राहिली. चारही भाषा काही तिला येत नव्हत्या, पण दोन येत होत्या. तिला एकेक आठवायला लागलं: इंजिनियरांचे कागद, ड्रायव्हर, लोण्यासारखी पेस्ट थापणारा तो व्हिडिओवाला, आणि 'खालच्या बाजूची' एवढंच म्हणू शकलेला विक्रेता. आयुष्यभर लोकांमध्ये वाटलेली सगळी तुच्छता एकाच दमात परत तिच्याच घरी आली. काखेत कळसा असणारी माणसं तिनं खूप पाहिली होती. आपण त्यांतली एक होऊ, असं मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. भाऊ जेवायला आला होता. भावजयीनं पटकन फिल्म मुठीत चुरगळली.

"काय, निघाला का खराब माल?" भावानं बूट काढता काढता विचारलं.

"पेस्ट कमी पडली होती," भावजय म्हणाली. "ताईंनी शोधलं."

आत्यानं मान वर केली. पंचवीस वर्षं जिला काडीची किंमत दिली नाही, ती बाई आपल्यावर पांघरूण घालत होती. भावाचं हसणं तिला एक वेळ सोसलं असतं, ही दया सोसवेना.

"उघड मूठ," ती भावजयीला म्हणाली.

"राहू दे ना, ताई."

"उघड म्हटलं ना!" आणि भावाकडे वळून, "पेस्टबिस्ट काही नाही. कूलरखालचं प्लॅस्टिक काढायला मी विसरले. तुझ्या बायकोनं काढलं. हस आता काय हसायचं ते."

भाऊ हसला. जेवताना हसला, हात धुताना हसला, संध्याकाळी जिन्यात शेजाऱ्यांना सांगताना तर त्याला कठडा धरावा लागला. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. आठवडाभर तिनं कोणालाही मूर्ख म्हटलं नाही. घरात इतकं चुकल्याचुकल्यासारखं झालं, की भावजयीनं शेवटी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

दुकानातही ती गेली. टाळता आलं असतं, पण तिनं चारचौघांत आरडाओरडा केला होता, तेव्हा चारचौघांतच मिटवायला हवं, असा तिचा विचार. काउंटरपुढे गर्दी होईपर्यंत ती मुद्दाम थांबली.

"तुमचा माल चांगला आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "प्लॅस्टिक माझ्याच हातून राहिलं होतं. तुम्ही विचारत होतात, मी बोलू दिलं नाही."

विक्रेत्याचा चेहरा सैलावला. "होतं हो, मॅडम. अहो, निम्म्या लोकांचं होतं. एवढं मनावर घेऊ नका."

निम्म्या लोकांचं! भावाच्या हसण्यानं जे झालं नव्हतं ते ह्या सांत्वनानं झालं. ज्या निम्म्या लोकांना आपण जन्मभर ओवाळून टाकलं त्यांच्या रांगेत हा माणूस आपल्याला प्रेमानं उभं करतोय, हे ऐकून आत्याचा जुना तोरा एका क्षणात परत आला. "तुमच्या मागच्या शेल्फवरचा पंखा उलटा बसवलाय," ती म्हणाली, "गरम हवा गिऱ्हाइकांच्या तोंडावर येतेय," आणि बाहेर पडली.

आता घाटातही प्रोसेसर सहासष्ट अंशांच्या वर जात नाही. पंखा फिरतोय की नाही हे पाहायला कान लावावा लागतो. भावजय कधीमधी गाळ्यावरून आली की शेजारच्या खुर्चीत बसते. एकदा आत्यानं तिच्या हातात ट्रक दिला. तिनं तो सरळ नदीत घातला. "तुला सायकलसुद्धा देऊ नये कोणी," आत्या म्हणाली. "वन्सं, पहिल्या दिवशी तुम्ही कुठे घातला होतात, ते पोरीनं सांगितलंय मला," भावजय म्हणाली आणि उठली नाही. आत्यानं ट्रक पुन्हा रस्त्यावर आणून दिला.

गेल्या उन्हाळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर दारात आले. शाळेतून निवृत्त झालेले, बुजरे गृहस्थ. त्यांनी मुलाच्या मदतीनं बुद्धिबळासाठी आणि विमानाच्या खेळासाठी एक कॉम्प्युटर जुळवून घेतला होता, तो अर्ध्या तासात बंद पडायचा. आत्याला ह्यातलं कळतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं. प्लॅस्टिकची गोष्टही आली असणारच, पण ते सभ्य होते.

"पंखे किती?" आत्यानं विचारलं.

"तीन आहेत. चांगले आहेत."

"कुठल्या दिशेला?"

मास्तरांनी हातानं एकदा आत, एकदा बाहेर असं दाखवलं.

"ठेवलाय कुठे?"

"कपाटात," मास्तर म्हणाले. "धूळ बसू नये म्हणून. दार बंद ठेवतो, कुलूपही लावतो."

आत्यानं डोळे मिटले. भावजयीनं तोंडाला पदर लावला.

"कपाटात," आत्या म्हणाली. "दार बंद. वर कुलूप. शिक्षक होतात म्हणे तुम्ही."

"हो, छत्तीस वर्षं."

"तरीच." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "माझा स्क्रूड्रायव्हर आण गं. आणि बॅटरी. तूच धरायचीस, ह्यांच्या हातात देऊ नकोस."

डॉक्टरनं जिने कमी करायला सांगितले होते. आत्या कठडा धरून एकेक पायरी चढायला लागली. मागे भावजय, तिच्या मागे अपराधी चेहऱ्याचे मास्तर. दुसऱ्या मजल्यापर्यंत आत्यानं मास्तरांच्या कपाटाचा उद्धार केला, तिथे दोन मिनिटं दम खाल्ला, आणि मग तिसऱ्या मजल्यापर्यंत ज्या सुतारानं ते कपाट मागून बंद बनवलं त्याचा.